टीव्हीसाठी डिश ठेवायची की इंटरनेटवर जायचं? नाशिककरांचा अनुभव धागा

डिशचं वर्षाचं रिचार्ज संपत आलं की हा विषय घरोघरी निघतो. फायबर तर आलेलंच आहे, मग छत्री कशाला? आणि छत्री काढली तर ऐन मॅचमध्ये नेट गेल्यावर काय? इथे फक्त कामाचं लिहा: काय बसवलं, कसं बसवलं, काय बिघडतं, का बिघडतं. कंपन्यांच्या नावाने शिमगा नको, त्याला दुसरे धागे आहेत. नावाऐवजी भाग लिहिला तरी चालेल. गंगापूर रोडचा सल्ला देवळालीत चालेलच असं नाही.

इंदिरानगर (डिश बसवण्याचं काम)

दिशेपासून सुरू करतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. नाशिकहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह (टाटा प्ले) होकायंत्रावर साधारण १५५ अंशांवर येतो, म्हणजे दक्षिणेकडून थोडा पूर्वेला. क्षितिजापासून उंची ६४ अंश. डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांवरचा उपग्रह १३४ अंशांवर, बरोबर आग्नेयेला, उंची ५७-५८. एअरटेलचा १०८.२ अंशांवरचा पार ११६-११७ अंशांवर आणि फक्त ४५ अंश उंच. त्यामुळे पूर्वेला उंच इमारत असेल तर कंपनी निवडण्याआधी गच्चीवर जाऊन बघा, नंतर नाही.

बघताना डिशच्या तोंडावर जाऊ नका. घरगुती डिश ऑफसेट असते, म्हणजे तिचं तोंड उपग्रहाच्या बरंच खाली बघतं. ६४ अंशांवर बघणारी डिश दिसायला ४० अंशांवरच कललेली वाटते, आणि लोक ती 'खाली वाकलीय' म्हणून उचलून सिग्नल घालवतात.

डिश फिरवताना नट अर्धवट ढिला ठेवा, एकेक अंश सरकवा आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा. बॉक्सला लॉक व्हायला तेवढा वेळ लागतो. भराभर फिरवली की योग्य जागा निसटून जाते आणि तासभर गच्चीवर ऊन खावं लागतं. स्क्रीनवर 'स्ट्रेंग्थ' बघू नका, 'क्वालिटी' बघा. स्ट्रेंग्थ चुकीच्या उपग्रहावरही ९० दाखवते. शेवटी एलएनबी (डिशच्या दांड्याच्या टोकावरचा, सिग्नल पकडणारा डबा) क्लॅम्पमध्ये फिरवून बघायचा. फ्री डिशसाठी तो सरळ उभा नसतो, ४०-४५ अंश वळलेला असतो. हे विसरलं की काही चॅनेल येतात आणि काही येत नाहीत.

गंगापूर रोड

वरच्या प्रतिसादाला जोडून, झाड किंवा इमारत आडवी येते का हे बघायचा फुकटचा उपाय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. ८३ अंशांसाठी ती वेळ मार्चमध्ये दुपारी बाराच्या आसपास आणि ऑक्टोबरमध्ये पावणेबाराच्या आसपास. फ्री डिशसाठी अकराच्या आगेमागे. त्या वेळी डिश बसवायच्या जागी ऊन असेल तर वाट मोकळी आहे, सावली असेल तर जागा बदला. त्याच दिवसांत त्याच वेळी चित्र काही मिनिटं फुटतं. तो बिघाड नव्हे, सूर्याचा गोंगाट. तक्रार नोंदवून माणूस बोलावू नका, तो येईपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं आणि व्हिजिट चार्ज तेवढा लागतो.

त्र्यंबक रोड

'पावसाळ्यात डिश बंद पडते' हे अर्धसत्य आहे. त्र्यंबक-इगतपुरीकडचा दिवसभराचा भिजपाऊस डिशचं फारसं वाकडं करत नाही. चित्र जातं ते जूनच्या वळवाने आणि परतीच्या पावसाने. केयू बँडची (डिश टीव्ही ज्या पट्टीत चालतो तिची) लहर थेंबांत विरते, आणि किती विरेल ते ठरतं पावसाच्या जोरावर, एकूण मिलिमीटरवर नाही. दहा-पंधरा मिनिटांत ढग सरकला की चित्र परत.

मजा अशी की डोक्यावर पाऊस नसतानाही ते जातं, कारण ढग उपग्रहाच्या दिशेला दोन-अडीच किलोमीटरवर कोसळत असतो. उपग्रह जितका खाली तितकी लहर पावसातून तिरकी आणि लांब येते. म्हणून ४५ अंशांवरच्या उपग्रहाला ६४वाल्यापेक्षा थोडा जास्त फटका बसतो.

उपाय दोन. एक म्हणजे मे महिन्यात डिश पुन्हा नेमकी लावून घ्या. कोरड्या हवेत क्वालिटी 'चालतंय' इतपतच असेल तर पावसासाठी काही शिल्लकच राहत नाही. दुसरा म्हणजे ६० सेंटिमीटरऐवजी ९०ची डिश. पकड सव्वादोन पट होते. पण तिला वाराही तेवढाच जास्त लागतो, त्यामुळे कठड्याच्या पातळ पाइपावर ती लावू नका. स्लॅबमध्ये फास्टनर ठोकूनच बसवा.

सातपूर

केबलबद्दल कोणीच बोललं नाही. आरजी-६ (डिशची गोल केबल) घ्या, आतली तार अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार स्वस्त असते, पण लांबी २५-३० मीटरच्या पुढे गेली की एलएनबीला पुरेसा व्होल्टेज पोचत नाही. एलएनबी १३ व्होल्टवर एक ध्रुवीकरण (लहरीची उभी किंवा आडवी दिशा) घेतो आणि १८ वर दुसरं. तारेत व्होल्टेज पडला की १८वाले चॅनेल गायब होतात आणि लोक बॉक्स बदलत बसतात.

एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा स्क्रूचा जोड) लावताना मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा. बाहेरच्या धातूच्या जाळीचा एक केसही मधल्या तारेला टेकला तर शॉर्ट, आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'. बाहेरच्या कनेक्टरवर रबरी टोपी आणि वर चिकटपट्टी. एलएनबीपाशी केबलला खालच्या बाजूने एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. दोन पावसाळ्यांनी कनेक्टर उघडलात आणि तार हिरवी पडलेली दिसली, तर फक्त टोक कापू नका. पाणी जाळीतून आत बरंच पुढे गेलेलं असतं. अख्खी केबल बदला.

आणखी एक, कबुतरं. एलएनबीच्या दांड्यावर बसली की डिश एक-दोन अंशांनी खाली येते. नट घट्ट असूनही सिग्नल आठवड्या-आठवड्याने घसरत असेल तर आधी दांड्यावर बीट दिसते का ते बघा.

सिडको

डिशची इतकी साफसफाई वाचून फायबरवाल्यांना हसू येत असेल. आमच्याही नशिबी आहेच. सिंहस्थ जवळ आला की रस्त्यांची कामं निघतात आणि जेसीबीच्या पहिल्या घासाला केबल तुटते. शिवाय घरात येणारी शेवटची तार बहुतेक ठिकाणी खांबावरून लोंबते. संक्रांतीला मांजा अडकून तिच्यावर ताण येतो आणि महिन्याभराने ती कोपऱ्यात दबते.

ओळखायचं असं: फायबरच्या डब्यावर 'लॉस' असं लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाशच पोचत नाही. राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही. दिवा हिरवा आणि तरी नेट मंद, तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर) बघा. वजा १५ ते वजा २५ डीबीएम ठीक, वजा २७च्या पुढे चित्र अडखळणारच. पहिला संशय वळणावर घ्या. दाराच्या चौकटीपाशी तार काटकोनात दाबलेली असते, तिथे निदान कपाच्या तोंडाएवढं गोल वळण हवं. फायबरच्या हिरव्या टोकाला बोट लावू नका आणि फुंकरही मारू नका. त्यातली धूळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाश अडवते.

पंचवटी

जुन्या वाड्यांत फायबर दारापर्यंत झकास येतं आणि हाताएवढ्या जाड भिंतीत मरतं. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय अशा एका भिंतीपलीकडे जेमतेम जातो. २.४ जातो, पण गल्लीत शेजारच्या वीस राउटरांची गर्दी. टीव्हीला सरळ लॅन केबल ओढा, कॅट-६, पट्टीत झाकून. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं म्हणून कोणी घाबरू नका. एचडीला ५ आणि ४केला २५ पुरतात. १०० स्थिर मिळणं हे वायफायवरच्या अस्थिर ३००पेक्षा भलं.

टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक वापरत असाल तर तिला टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. जुन्या टीव्हीचं यूएसबी अर्धा अँपियरच देतं. स्टिक मधेच रीस्टार्ट होते आणि दोष नेटला मिळतो. सोबत आलेला अडॅप्टरच लावा. आणि स्वस्तातला बिनब्रँडचा अँड्रॉइड बॉक्स घेताना 'वाइडवाइन एल१' (अ‍ॅपच्या कॉपी-संरक्षणाची वरची पातळी) आहे का विचारा. एल३ असेल तर लाइन कितीही वेगवान असो, बरीच अ‍ॅप ४८०च्या वर चित्र देत नाहीत.

ओझर

फायबर नाही तिथे ५जीवरचं हवाई नेट बसवतात. डेटाची मर्यादा तपासा. एचडीला तासाला साधारण ३ जीबी धरा. रोज पाच तास टीव्ही म्हणजे महिन्याला ४५०. तेच ४केला तासाला ७, म्हणजे १०५० जीबी. वायरीच्या फायबरला बहुधा ३३०० जीबीची मर्यादा असते, तिथे प्रश्न नाही. १००० जीबीच्या हवाई प्लॅनमध्ये मात्र २९ तारखेलाच चाक फिरायला लागतं. अ‍ॅपमध्ये क्वालिटी 'ऑटो' न ठेवता १०८० वर बांधून टाका, ३२ इंची पडद्यावर ४के दिसतही नाही.

नाशिकरोड

लाइट गेल्यावर: डिशच्या घरी टीव्ही आणि बॉक्स इन्व्हर्टरवर चालले की झालं. इंटरनेटच्या घरी फायबरचा डबा आणि राउटरही चालायला हवेत. दोन्ही बहुधा १२ व्होल्टचे, मिळून दहा-बारा वॉट. छोटा डीसी यूपीएस मिळतो, त्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा १२ व्होल्टचा नाही, आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे. हिशेबाने ३२ वॉट-तास, प्रत्यक्षात सव्वादोन ते अडीच तास. घेण्याआधी डब्याच्या अडॅप्टरवरचा अँपियर वाचा, काहींना २ लागतो. इतकं करूनही गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पेटीची बॅटरी संपली तर तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य. स्थानिक पुरवठादाराला जोडणीआधी हाच एक प्रश्न विचारा: पेटीला बॅकअप किती तासांचा?

कॉलेज रोड

पैशाचं. १ फेब्रुवारी २०१९पासून हवे तेवढेच चॅनेल निवडता येतात, पण आपोआप लागलेलं पॅक कोणी उघडून बघत नाही. जुलै २०२४मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादाही काढली, त्यामुळे आता कंपनीकंपनीत फरक पडतो. बिलात तीन ओळी वेगळ्या वाचा: नेटवर्क शुल्क, चॅनेलचे पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकच चॅनेल एसडी आणि एचडी दोन्हीत घेतलेला असतो, तो आधी काढा.

अ‍ॅपचा हिशेब उलटा फसवतो. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. संध्याकाळी सात ते दहा घरात चार वाहिन्यांच्या मालिका चालत असतील तर तीन वर्गण्या. डिशवर त्या सगळ्या एका रिमोटवर. मालिका नसतील आणि फक्त सिनेमे-मॅच असतील तर डिश खुशाल सोडा.

देवळाली कॅम्प

मोठी झाडं असलेल्या बंगल्यांत डिश गच्चीवर नेऊनही फांद्या आड येतात. तिथे छाटणी दरवर्षी पावसाळ्याआधी, कारण ओली पानं कोरड्यांपेक्षा जास्त अडवतात.

घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर तांत्रिक तुलना बाजूला ठेवा. आजींना चॅनेलचं नाव नाही, नंबर पाठ असतो. इंटरनेट टीव्हीवर नंबर नाही, आधी अ‍ॅप, मग प्रोफाइल, मग कधीतरी ओटीपी, आणि तो ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या फोनवर जातो. असंच चालवायचं असेल तर नेट कंपनीची आयपीटीव्ही (इंटरनेटवरून येणारे नेहमीचे चॅनेल) घ्या, तिच्या बॉक्सला आकड्यांचा रिमोट असतो. टीव्ही सुरू झाला की थेट त्याच इनपुटवर उघडेल अशी सेटिंग करा आणि स्टिकचा रिमोट कपाटात ठेवा.

अशोक स्तंभ

दोन्ही नको असेल तर फ्री डिश आहे. महिन्याचं काही नाही, सह्याद्री येतं. बॉक्स एमपीईजी-४चाच (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) घ्या, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर बरेच चॅनेल उघडत नाहीत. त्याआधी टीव्हीच्या मागे बघा. 'एलएनबी इन' किंवा 'सॅटेलाइट' लिहिलेलं स्क्रूचं पोर्ट असेल तर ट्यूनर आतच आहे. एलएनबीची केबल थेट लावा, सॅटेलाइट यादीतून जीसॅट-१५ निवडा आणि स्कॅन करा. बॉक्सही नको, दुसरा रिमोटही नको.

इंदिरानगर (पुन्हा)

@अशोक स्तंभ, बरोबर. फक्त एक भर. जुन्या कंपनीची काढलेली छत्री यासाठी चालते. दिशा १५५वरून १३४वर फिरवायची, उंची सहा-सात अंश खाली आणि एलएनबी वळवायचा. पण आधी बॉक्स आणि डिश भाड्याची होती का ते करारात बघा. कंपनीने परत मागितल्यावर छत्री दुसऱ्या उपग्रहाकडे वळलेली सापडली की वाद होतो.