लोरिस, लेमूर आणि टार्सियर यांना 'अर्धवानर' या एकाच रकान्यात ठेवावे का?

वेंगुर्लेवासी:

गेल्या महिन्यात शाळकरी मुलांच्या निसर्ग शिबिरात आम्ही नरवानर गणाचा एक तक्ता लावला होता. तक्त्यावर शिडी काढली होती. सर्वांत खालच्या पायरीवर 'अर्धवानर' या नावाखाली लेमूर, लोरिस आणि टार्सियर, त्यांच्या वर माकडे, मग कपी (चिंपांझी, गोरिला वगैरे) आणि सर्वांत वर माणूस. हा तक्ता चुकीचा आहे आणि 'अर्धवानर' हा शब्द आपण वर्गीकरणातून काढून टाकावा, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपली बाजू अवश्य मांडावी, म्हणून हा धागा काढला आहे.

दोन वर्षांपूर्वी काणकोणच्या बाजूला रानात रात्री मी लोरिस पाहिला. लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात आधी दोन निखाऱ्यांसारखे डोळे चमकले, मग वेलीवर एकेक हात पुढे टाकत येणारे ते शेपटी नसलेले, मुठीपेक्षा थोडे मोठे जनावर दिसले. ते थांबले आणि मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या लांब नखाने कान खाजवू लागले. लेमूरलाही त्याच बोटाला तसेच नख असते. दोघांचे नाक कुत्र्यासारखे ओलसर असते, दोघांचे खालचे पुढचे दात फणीसारखे पुढे आलेले असतात, आणि दोघांच्या डोळ्यांत प्रकाश परत फेकणारा पडदा असतो, ज्यामुळे ते रात्री चमकतात. टार्सियरच्या डोळ्यांत हा पडदा नाही. त्याचे नाक आपल्यासारखे कोरडे आहे, दातांची फणी नाही, आणि शरीरात क जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता त्याने आपल्याप्रमाणेच गमावलेली आहे. लेमूर आणि लोरिस ते स्वतः तयार करतात. १९१८ साली प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी टार्सियरला माकडांच्या आणि माणसाच्या बाजूला नेऊन बसवले, आणि पुढे जनुकांच्या अभ्यासानेही तेच सांगितले. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही आपण मुलांना जुनी शिडीच दाखवत आहोत.

गुरुजी, देवगड:

वेंगुर्लेताई, तुमची तळमळ पोहोचली, पण निष्कर्ष मान्य नाही. मी बत्तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. मुलासमोर टार्सियरचे चित्र ठेवा: रात्री हिंडणारा, फांदीला घट्ट धरणारा, मेंदूएवढा एकेक डोळा असलेला छोटासा जीव. ते मूल त्याला लोरिसशेजारीच बसवील, आणि ते निरीक्षण खोटे नाही. राहणी, आकार आणि शरीराची एकूण ठेवण पाहून केलेला गटही गटच असतो. तुम्ही नखाचा पुरावा दिलात, तर तसे नख टार्सियरलाही असते, तेही एक नव्हे तर दोन बोटांना. मग नखाला प्रमाण मानायचे आणि टार्सियरला मात्र बाहेर काढायचे, हे कसे जमावे?

दुसरे असे की, लिनियस यांनी 'लेमूर' हे नाव आधी सिंहलद्वीपाच्या लोरिसलाच दिले होते. रोमन लोकांच्या समजुतीतली रात्री भटकणारी भुते, त्यांवरून ते नाव आले. मादागास्करचे प्राणी त्या नावात मागून आले. तेव्हा कोणी लोरिसला लेमूर म्हटले तर त्यात अडाणीपणा शोधू नये.

वेंगुर्लेवासी:

गुरुजी, नखाबद्दल तुम्ही अगदी बरोबर बोललात आणि त्यामुळे माझा मुद्दा अधिक नीट मांडता येईल. दक्षिण अमेरिकेतल्या काही माकडांनाही तसे नख आढळते. म्हणजे ते बहुधा सर्वांच्या मूळ पूर्वजाकडून आलेले आहे. गावातल्या भावकीचे पाहा. पणजोबांचे आडनाव सगळ्याच घरांत चालते, त्यावरून कोण कोणाचा सख्खा चुलतभाऊ हे ठरत नाही. सातबारावर पुढच्या पिढीत कोणाच्या नावे कोणता वाटा झाला, हे पाहावे लागते. नाते ठरवताना नव्याने आलेली आणि मोजक्याच वारसांत सापडणारी लक्षणे पाहायची असतात. दातांची फणी तशी आहे. कोरडे नाक, डोळ्यांतला पडदा जाणे, क जीवनसत्त्वाची क्षमता हरवणे हीदेखील तशीच आहेत. नख मी सांगायला नको होते, दातांवरच भर द्यायला हवा होता.

चित्र पाहून गट करण्याबद्दल म्हणाल, तर मादागास्करच्या आयआय या प्राण्याचे काय झाले ते आठवावे. आयुष्यभर वाढत राहणारे पुढचे दात पाहून ग्मेलिन यांनी १७८८ साली त्याला खारींच्या प्रजातीत घातले होते. आज तो लेमूरच मानला जातो. डोळ्यांना जे दिसते त्यावर थांबलो असतो, तर आयआय अजूनही खार असता.

खाडीकाठ:

मला एका निराळ्या कारणासाठी लोरिस आणि लेमूर एकत्रच हवे आहेत. आपला हा किनारा एके काळी मादागास्करला जोडलेला होता. भूभाग फुटले, एक तुकडा तिकडे राहिला, एक इकडे आला. तिकडच्यावर लेमूर राहिले, इकडच्यावर लोरिस. दोन्ही ठिकाणी एकाच घराण्याचे वारस असण्याचे याहून सोपे कारण कोणते? स्क्लेटर यांनी १८६४ मध्ये याच प्राण्यांवरून हिंदी महासागरात बुडालेल्या 'लेमुरिया' खंडाची कल्पना मांडली होती. खंड बुडाला नसेल, पण जोडणी खरी होती हे तर भूशास्त्रानेच सिद्ध केले.

सडा आणि जांभा:

जोडणी खरी होती, पण काळ जुळत नाही, आणि सगळा वाद काळाचाच आहे. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर जे खांबांसारखे उभे खडक दिसतात, ते त्याच फाटाफुटीच्या सुमाराच्या ज्वालामुखीचे आहेत. जगात कोठेही नरवानरांचे जे निःसंशय जीवाश्म मिळाले आहेत, त्यांतले सर्वांत जुने साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. मधल्या काळात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहिला. देवगडच्या सड्यावरच्या जांभ्याखाली जो काळा पाषाण आहे तो त्याचाच. लोरिसचा पूर्वज त्या फुटीच्या वेळी आपल्या तुकड्यावर बसलेला होता, असे मानायला कोणताही आधार नाही.

लोरिसचे जवळचे नातेवाईक मादागास्करला नाहीतच, ते आफ्रिकेत आहेत: पोट्टो आणि गॅलॅगो. त्या घराण्याचे फार जुने जीवाश्म इजिप्तच्या फायूममध्ये सापडले आहेत. म्हणजे लोरिस आफ्रिकेकडून आशियात आला आणि लेमूर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून मादागास्करला गेले, हा मार्ग पुराव्याला धरून आहे. मात्र आपल्या बाजूला काहीच नव्हते असेही समजू नये. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या आदिम नरवानरांचे जबडे आणि दात मिळाले आहेत. त्यांतले काही लेमूर-लोरिसच्या शाखेच्या बुंध्याजवळचे आहेत. पण ते लोरिसचे आजोबा नव्हेत.

गुरुजी, देवगड:

समुद्र ओलांडून? आफ्रिका आणि मादागास्कर यांच्यामधली सामुद्रधुनी जेथे अरुंद आहे तेथेही सुमारे चारशे किलोमीटर आहे. एवढे अंतर एक सस्तन प्राणी तरंगत्या झाडावर बसून कापतो, हे ज्या शास्त्राला पटते त्याने माझ्या 'अर्धवानर' शब्दावर आक्षेप घ्यावा, हे मला विचित्र वाटते.

सडा आणि जांभा:

गुरुजी, आषाढात खाडीतून काय काय वाहत येते ते आपण दोघांनीही पाहिले आहे. मुळांसकट उपटलेली बांबूची बेटे, त्यांच्या मुळांत अडकलेली माती, आणि त्यावर कधी कधी जिवंत साप आणि उंदीर. लाखो वर्षांत असे एखादेच बेट पलीकडे लागले तरी पुरते. शिवाय २०१० मध्ये अली आणि ह्यूबर यांनी त्या काळच्या सागरी प्रवाहांची गणिते करून दाखवले की, तेव्हा प्रवाह आजच्यासारखे उलटे नव्हते, ते अधूनमधून आफ्रिकेकडून मादागास्करकडे जोराने वाहत असत. आजही जाड शेपटीचा बुटका लेमूर शेपटीत चरबी साठवून वर्षातले सहा-सात महिने झोपून काढतो. पूर्वजांत असे काही असेल, तर काही आठवड्यांचा प्रवास अशक्य ठरत नाही.

मात्र 'एकदाच गेले' हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. केनियात सापडलेला प्रोपोट्टो नावाचा जबडा १९६७ साली लोरिसच्या घराण्यातला म्हणून जाहीर झाला, नंतर त्याला फळे खाणारे वटवाघूळ ठरवले गेले, आणि २०१८ मध्ये तो आयआयच्या शाखेचा असल्याचे काही संशोधकांनी मांडले. ते खरे असेल, तर आयआयचे पूर्वज आणि बाकीच्या लेमूरांचे पूर्वज वेगवेगळ्या वेळी मादागास्करला पोहोचले.

गुरुजी, देवगड:

म्हणजे एकाच जबड्याची तीन वर्गीकरणे. हेच मी म्हणतो. अशा वाळूवर मी मुलांचा पाया घालू का? एक जुना, ढोबळ, पण टिकणारा शब्द त्यापेक्षा बरा नाही का?

वेंगुर्लेवासी:

गुरुजी, प्रोपोट्टोचा जबडा हलला म्हणून टार्सियर हललेला नाही. एका जबड्यावर उभे राहिलेले मत वेगळे आणि नाक, डोळा, दात, गर्भाची वार (अपरा), जनुके या सगळ्यांनी मिळून दिलेली साक्ष वेगळी. मेगालाडापिस हा मोठ्या अंगाचा नामशेष लेमूर दातांवरून स्पोर्टिव्ह लेमूरचा भाऊबंद समजला जात होता, कारण दोघांनाही मोठेपणी वरचे पुढचे दात नसतात. २०२१ मध्ये त्याच्या हाडांतून काढलेल्या जनुकांवरून तो शेपटीवर पट्टे असलेल्या लेमूरच्या घराण्याजवळचा निघाला. चूक सापडते आणि सुधारली जाते, हे मुलांपासून लपवायचे कशाला? उलट 'अर्धवानर' म्हटल्यावर मुलाच्या मनात जे बसते ते पुसणे फार कठीण जाते. लेमूर माकड व्हायला निघाला होता आणि अर्ध्या वाटेत राहिला, असे त्याला वाटते. तो कोठेही राहिलेला नाही. आपल्याइतकाच काळ तो त्याच्या वाटेने चाललेला आहे.

रानवाट:

मला वाटते, या चर्चेत गुरुजींच्या बाजूचा खरा बळकट मुद्दा कोणी मांडलाच नाही. जाती वाढवण्याचा. मूषक-लेमूरच्या पूर्वी दोनच जाती मानत, आता वीसहून अधिक नावे आहेत. त्यांतल्या बऱ्याच हातात धरून वेगळ्या ओळखताही येत नाहीत, जनुकांवरूनच सांगाव्या लागतात. टॅटरसॉल यांच्यासारख्या आयुष्य लेमूरांत घालवलेल्या अभ्यासकानेही ही वाढ फुगवलेली नाही ना, अशी शंका घेतली आहे. वंशावळीप्रमाणे वर्गीकरण मला मान्य आहे. पण नदीच्या दोन काठांवर थोडा फरक दिसला की नवी जात, हे मान्य नाही.

वेंगुर्लेवासी:

या मुद्द्यावर मी तुमच्या बरीच जवळ आहे. तरी एक गोष्ट विसरू नये. जेमतेम ३० ग्रॅम वजनाचा, जगातला सर्वांत लहान नरवानर २००० साली वेगळी जात म्हणून नोंदवला गेला नसता, तर पश्चिम मादागास्करच्या ज्या थोड्या कोरड्या रानात तो राहतो त्या रानाची काळजी कोणी केली असती? २०२० च्या लाल यादीत लेमूरांच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात दाखवल्या आहेत. नावे जास्त झाली तर पुढे एकत्र करता येतील. नाव नसलेली जात गेली, तर गेल्याचेही कळणार नाही.

गुरुजी, देवगड:

टार्सियरचा रकाना बदलतो. दातांच्या फणीचा मुद्दा मला पटला, आणि क जीवनसत्त्वाचा त्याहून अधिक, कारण तो मुलांना आवळा हातात देऊन सांगता येतो. शिडीही काढतो. पण लेमूर आणि लोरिस या दोघांना मिळून एक मराठी शब्द मला हवाच आहे. 'स्ट्रेप्सिऱ्हिनी' हे त्यांचे शास्त्रीय नाव आठवीच्या मुलाच्या तोंडी बसणार नाही.

वेंगुर्लेवासी:

'ओलनाके' म्हणून पाहा. माकड, वानर, कपी आणि टार्सियर हे 'कोरडनाके'. आपल्याकडे बागायतदाराच्या घरातले पोरही माकड आणि वानर यांत कधी गल्लत करत नाही, शेपूट आणि तोंड पाहून लांबूनच सांगते. नाक पाहायलाही ते शिकेल.

गुरुजी, देवगड:

'ओलनाके' कानाला अजून खटकते. येत्या सोमवारी वर्गात दोन्ही शब्द फळ्यावर लिहितो आणि मुले कोणता उचलतात ते येथे कळवतो.