शाळेत मुलाला त्रास देतायत, लेखी तक्रार करावी का? कुणाकडे आणि कशी?

अबोली:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा सहावीत आहे, सरकारी शाळेत. दोन-अडीच महिने झाले त्याची पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली घरी येते. आधी मी रागावले, पाणी का पीत नाहीस म्हणून. मग एका रात्री झोपायच्या वेळी त्यानेच हळूच सांगितलं की पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं आणि तिथे आठवीतली तीन मुलं बाहेरून दार धरून ठेवतात, लाइट घालवतात आणि घंटा झाली की मगच सोडतात, मग वर्गात उशिरा गेला म्हणून परत बाईंची बोलणी. म्हणून पोरगा सकाळी निघाल्यापासून घरी येईपर्यंत जातच नाही. ऐकून माझ्या पोटात खड्डाच पडला.
वर्गाच्या बाईंना भेटले, त्या म्हणाल्या बघते. आठ दिवस काहीच नाही. मग हेडसरांकडे गेले तर ते म्हणाले अहो मुलं आहेत, मस्करी करतात, त्याला जरा खंबीर करा. घरी हे म्हणतात जास्त ताणू नकोस, ती मुलं अजून खुन्नस धरतील. आणि मुलगा म्हणतो, आई तुला माझी शपथ आहे, तू शाळेत येऊ नकोस. काय करू? लेखी दिलं तर त्याला त्रास वाढेल का? कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

शांतसागर:
अबोलीताई, गप्प तर अजिबात बसू नका. ही मस्करी नाहीये. मस्करीत दोघंही हसतात. नॉर्वेचे डॅन ओल्वेअस म्हणून संशोधक होते, त्यांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं, त्यांनी तीन गोष्टी बघायला सांगितल्यात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि ज्याला होतो तो ताकदीने किंवा संख्येने कमी पडतो. तुमच्या केसमध्ये तिन्ही आहेत. हे तीन शब्दच हेडसरांपुढे ठेवा, मग मस्करी म्हणणं अवघड जातं.
आणि तो एकटाच नाहीये हे त्याला नक्की सांगा. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालात जगभरातल्या जवळपास दर तीन मुलांमागे एकाला मागच्या एका महिन्यात एकदा तरी शाळेत असा त्रास झाला होता. मुलांना वाटतं माझ्यातच काहीतरी खोट आहे म्हणून माझ्याच वाट्याला हे येतं.

जुना_मास्तर:
ताई, मी सरकारी शाळेत मुख्याध्यापक होतो, आता रिटायर झालो. आतली गोष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. तोंडी तक्रार संध्याकाळपर्यंत विसरली जाते. मुद्दाम नव्हे, दिवसभरात माणसाच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात. माझ्याकडूनही असं झालंय आणि त्या एका मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. पण कागद आला, त्यावर तारीख आली, आवक नोंद झाली, की मग त्याचं काय केलं हे कधीतरी कुणीतरी विचारणार हे मुख्याध्यापकाला माहीत असतं.
तर अर्ज द्या, दोन प्रती काढा, एका प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच घरी आणा. पोच देत नसतील तर ईमेल करा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जात "माझ्या मुलाला फार त्रास होतो" एवढंच लिहू नका, त्याने काही होत नाही. कुठल्या दिवशी, कुठल्या सुट्टीत, कुठल्या बाथरूममध्ये, कोण होतं, काय केलं, किती वेळ, कुणी पाहिलं, हे लिहा. पाच घटना असतील तर पाच वेगळ्या. त्या मुलांना गुंड, मवाली असलं काही लिहू नका, फक्त काय केलं ते. बाईंना कधी भेटलात, हेडसरांना कधी भेटलात, ते काय म्हणाले तेही तारखेनिशी येऊ द्या.
शेवटी मागणी स्पष्ट लिहा. नुसतं "योग्य ती कारवाई व्हावी" लिहिलं की योग्य काय ते शाळाच ठरवते. तुम्ही लिहा की मधल्या सुट्टीत बाथरूमपाशी एक शिक्षक उभे राहावेत, त्याला गरज पडली तर तास चालू असताना जायची परवानगी असावी आणि उशिरा आला म्हणून बोलणी नकोत. आणि काय केलं ते सात दिवसांत मला लेखी कळवा. नाही कळवलं तर तोच अर्ज आणि पोच घेऊन वरच्या शिक्षण अधिकाऱ्यांकडे जायचं. सरकारी शाळेला वर कुणीतरी असतंच, हा तिचा फायदा आहे, तो घ्या.
अजून एक, फार महत्त्वाचं. पुष्कळ शिक्षक दोन्हीकडच्या मुलांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावतात. तसं होऊ देऊ नका. भांडणात दोघं बरोबरीचे असतात तेव्हा ते चालतं. इथे तुमचं पोर त्या तिघांसमोर तोंडच उघडणार नाही आणि मग म्हणतील बघा, मिटलं.

रांगडा_गडी:
एवढं कागदी घोडं नाचवण्यापेक्षा त्याला उलट दोन ठेवून द्यायला शिकवा. एकदा मार बसला की परत वाटेला जात नाहीत.

कोणीतरी_एक:
दादा, सहावीतला एक आणि आठवीतले तीन. कसा ठेवून देणार? मी तसा प्रयत्न केला होता, मार मीच खाल्ला आणि हेडसरांसमोर भांडखोर म्हणूनही मलाच उभं केलं.
अबोलीताई, मी त्या पोराच्या जागी होतो म्हणून लिहितोय. मी दोन वर्षं घरी सांगितलं नव्हतं. शेवटी आईला कळलं आणि ती तशीच तडक शाळेत आली, सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला बोलली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिचा जीव तुटत होता, पण दुसऱ्या दिवसापासून वर्ग मला तिच्या आवाजात हाक मारायचा. त्यानंतर मी तिला काहीच सांगितलं नाही. तुमचा मुलगा शपथ घालतोय ती याच भीतीने, त्याला मदत नकोय असं नाही, त्याला तमाशा नकोय. त्याला विचारा की कसं केलं तर तुला चालेल, कुणाला कळलेलं चालेल, कोण नको. अर्ज त्याला वाचून दाखवा. त्याच्या पाठीमागे काही करू नका, आणि कुणाला सांगणारच नाही असं वचनही देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. गेटवर त्या मुलांना दम देणं, त्यांच्या आईवडलांच्या घरी जाणं, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, यातलं काहीही नको.
त्याच्या वर्गात एखादा बरा मित्र आहे का बघा, दोघांनी मिळून जायचं. टोरंटोमध्ये शाळेच्या मैदानावर चित्रीकरण करून अभ्यास झाला होता, तो २००१ मध्ये छापून आला. त्यात बाकीची मुलं बहुतेक वेळा तिथेच असायची पण मध्ये फार थोडी पडायची, आणि जेव्हा कुणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांत त्रास थांबला. दहा सेकंद. मला एक जरी मिळाला असता ना.

शांतसागर:
एक राहिलं. अंगाला घाणेरडा हात लावणं, कपडे काढायला लावणं, फोटो-व्हिडिओ काढणं, मोठी इजा, किंवा पोरगा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला, यातलं काही असेल तर शाळेच्या सात दिवसांची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर आणि पोलीस. त्रास देणारा शिक्षकच असेल तर थेट वरच्या ऑफिसला. आणि ताई, दिवसभर लघवी धरून ठेवतोय तर एकदा डॉक्टरांना दाखवाच, इन्फेक्शन होतं. डॉक्टरांनी लिहिलेला कागद अर्जालाही जोडता येईल.

अबोली:
सगळ्यांचे खूप खूप आभार, रडत रडतच वाचलं. तसलं घाणेरडं काही नाहीये, त्याला शांतपणे विचारलं. डॉक्टरांकडे उद्या नेतेय. काल रात्री आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला, हे पण येऊन बसले शेवटी. त्याची एकच अट आहे, अर्ज सुट्टीत नाही तर शाळा सुटल्यावर द्यायचा म्हणजे कुणी बघणार नाही. मी वाचून दाखवत होते, तिसऱ्या घटनेला त्याने मला थांबवलं. म्हणाला बुधवार नाही आई, त्या दिवशी पीटीचा तास होता, म्हणजे गुरुवार. आणि माझ्या हातातलं पेन घेऊन त्यानेच खोडून नीट लिहिलं. सोमवारी देतेय. पोच मिळाली की इथे कळवते.