मदत हवी आहे: क्वेक २ मध्ये सुरुवातीचे व्हिडिओ आणि मूळ मेनू परत कसे आणायचे?

दुपारची_शिफ्ट

नमस्कार मंडळी. क्वेक २ (१९९७) ची डिजिटल प्रत यामागी क्वेक २ या इंजिनावर (मूळ खुल्या कोडवरून केलेला, खेळ चालवणारा नवा प्रोग्रॅम) चालवतोय. विंडोज १०, पडदा १९२० बाय १०८०. खेळ सुरळीत चालतो, पण काही गोष्टी अडल्यात.

खेळ उघडल्यावर आयडीचा (खेळ बनवणाऱ्या कंपनीचा) लोगो येत नाही, एकदम डेमो सुरू होतो. न्यू गेम दाबलं की प्रस्तावनेचा व्हिडिओ न दिसता थेट पहिली लेव्हल. कन्सोलमध्ये (खेळातली आज्ञा टाइप करायची खिडकी) एररचं नाव नाही.

दुसरं म्हणजे मेनू. हाय-रेझोल्यूशन टेक्स्चर पॅक टाकल्यापासून मेनूची अक्षरं चकचकीत आणि वेगळ्याच वळणाची झाली आहेत. पॅक काढला तर जुना मेनू येतो, पण पडद्याच्या मधोमध टिचभर. भिंतींची नवी टेक्स्चर्स ठेवायची आहेत, मेनू मात्र १९९७ चाच हवा.

संगीतही वाजत नाही. मूळ सीडी घरात आहे. आणखी एखादा मॉड टाकावा लागेल का?

---

पॅक_शून्य

मॉड टाकायची गरज नाही. व्हिडिओ आणि संगीत सोडलं तर तुम्हाला हवं ते सगळं आधीच तुमच्या डिस्कवर आहे, त्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलंय इतकंच.

आधी एक सूचना: इथे फाइलींची नावं आणि आज्ञा देवनागरीत लिहितोय, पण टाइप करताना रोमन छोटी अक्षरंच वापरा. फाइलींच्या नावांत विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सवर मोठ्या अक्षरातली फाइल इंजिनाला सापडणार नाही.

एरर का येत नाही ते सांगतो, कारण बहुतेकांचा वेळ तिथेच जातो. व्हिडिओची फाइल सापडली नाही तर इंजिन तक्रार न करता 'व्हिडिओ संपला' असं धरून पुढे जातं. आयडीने २००१ मध्ये खुल्या केलेल्या मूळ कोडमध्येही तसंच आहे. एरर देणारी ओळ तिथे आहे, पण ती कॉमेंट करून ठेवलेली. त्यामुळे एरर नाही याचा अर्थ सगळं जागेवर आहे असा काढू नका.

सुरुवातीची साखळी अशी चालते. इंजिन उघडलं की 'डी१' नावाचा एलियस (आज्ञांच्या ओळीला दिलेलं छोटं नाव) चालवतं. हा एलियस पॅक०.पॅक (खेळाच्या फाइलींचा मुख्य गठ्ठा) मधल्या डिफॉल्ट.सीएफजी मध्ये लिहिलेला असतो: आधी आयडीलॉग.सिन (लोगोचा व्हिडिओ, सिन हे खेळाच्या व्हिडिओंचं स्वरूप) दाखव, मग डी२, म्हणजे पहिला डेमो. आयडीलॉग.सिन नसेल तर थेट डेमो. तुम्ही जे बघताय ते हेच. न्यू गेमच्या एलियसमध्ये 'मॅप *एनट्रो.सिन+बेस१' असं असतं. अधिकचं चिन्ह म्हणजे 'हे संपलं की पुढचं', आणि तारा (*) म्हणजे 'नवा युनिट (लेव्हलींचा गट), आधीच्या लेव्हलींची स्थिती पुसून टाक'. एनट्रो.सिन नसेल तर लगेच बेस१.

नावं नीट बघा. प्रस्तावनेच्या फाइलीत सुरुवातीचा आय नाहीच: एन, टी, आर, ओ. आयडीलॉगच्या शेवटी ओ नाही. कोणी 'दुरुस्त' करून पूर्ण नाव दिलं की व्हिडिओ गायब, आणि पुन्हा एरर नाही.

आता कृती. सीडीवर इन्स्टॉल, त्यात डेटा, त्यात बेसक्यू२, त्यात व्हिडिओ असा फोल्डर आहे. तो व्हिडिओ फोल्डर अख्खा उचलून तुमच्या खेळाच्या बेसक्यू२ मध्ये ठेवा. आत ११ फाइली हव्यात: आयडीलॉग, एनट्रो, एंड, आणि ईओयू१_ पासून ईओयू८_ पर्यंत आठ. या आठांपैकी एकेक एकेका युनिटच्या शेवटी दिसते. आकड्यानंतरची अंडरस्कोर नावाचाच भाग आहे, काढू नका. फाइली पॅकमध्ये घालायची गरज नाही.

मग कन्सोल उघडून 'पाथ' टाइप करा, इंजिन कुठेकुठे शोधतंय त्याची यादी येईल. पॅक०.पॅक समोर ३३०७ फाइली दिसल्या पाहिजेत. त्या फाइलीचा आकार १८३९९७७३० बाइट असतो. सुमारे ५ कोटी बाइट दिसले तर ती फुकट डेमोची फाइल आहे. नुसतं 'एलियस' टाइप केलं तर डी१ आणि न्यूगेममध्ये सध्या काय लिहिलंय तेही दिसेल. एखाद्या मॉडने ते बदललेलं असेल तर इथेच कळतं.

---

रेलगन_रत्नागिरी

मेनूबद्दल मी लिहितो.

मूळ मेनूची चित्रं पॅक०.पॅक मध्ये पिक्स फोल्डरात पीसीएक्स स्वरूपात आहेत. नावं 'एम_' ने सुरू होतात: एम_मेन_गेम, एम_मेन_मल्टिप्लेअर, एम_मेन_ऑप्शन्स, एम_मेन_व्हिडिओ, एम_मेन_क्विट, प्रत्येकाची निवडलेली जोडी शेवटी '_सेल' लावून, डावीकडचा फलक एम_मेन_प्लाक, आणि निवडीशेजारी फिरणारी खूण एम_कर्सर० ते एम_कर्सर१४ अशा १५ चौकटींत.

तुमच्या पॅकमध्ये याच नावांची टीजीए, पीएनजी किंवा जेपीजी चित्रं असणार. आर_रीटेक्स्चरिंग ही सेटिंग चालू असताना इंजिन पीसीएक्सकडून फक्त मूळ लांबी-रुंदी घेतं, आणि रंगवायला त्याच नावाचं नवं चित्र शोधतं. ते सापडलं की पीसीएक्स मागे पडतं. आर_रीटेक्स्चरिंग ० केलं तर भिंतीही जुन्या होतील, म्हणून तो मार्ग तुमच्या कामाचा नाही.

पॅक पीके३ असेल तर ती साधी झिप फाइल असते. मूळ प्रत बाजूला ठेवा, ७-झिपने उघडा, पिक्समधली फक्त 'एम_' ने सुरू होणारी चित्रं पुसा आणि जतन करा. 'आय_' आणि 'डब्ल्यू_' वाली आरोग्य-शस्त्रांची चिन्हं आहेत, ती आवडत असतील तर राहू द्या. कर्सरच्या मात्र पंधराही चौकटी काढा. काही नव्या काही जुन्या राहिल्या तर ती खूण फिरताना दर वळणाला चमकते, आणि दोष ग्राफिक्स कार्डाला दिला जातो.

आणखी एक सापळा: पीसीएक्स चित्रं सुटी काढून बेसक्यू२ मधल्या पिक्समध्ये ठेवली म्हणून ती लागू होत नाहीत. एकाच फोल्डरात पॅकमधली फाइल सुट्या फाइलीला हरवते, आणि मोठ्या आकड्याचा पॅक लहान आकड्याच्या पॅकला. म्हणून 'सुटी फाइल टाकून बघा' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे.

आता टिचभर आकाराचं. मूळ मेनू ३२० बाय २४० च्या हिशोबाने आखलेला आहे, त्यामुळे १०८० रेषांच्या पडद्यावर तो लहानच दिसणार. ऑटोएक्झेक.सीएफजी नावाची साधी मजकूर फाइल बेसक्यू२ मध्ये करून त्यात या ओळी घाला:

सेट आर_मेन्यूस्केल ४
सेट आर_हडस्केल ४
सेट आर_कन्सोलस्केल २
सेट आर_२डी_अनफिल्टर्ड १
सेट आर_व्हिडिओज_अनफिल्टर्ड १

२४० चार वेळा घेतले की ९६० होतात, १०८० मध्ये नीट बसतात. आकडा पूर्णांकच ठेवा. ४.५ दिलात तर काही पिक्सेल चार ठिपक्यांचे आणि काही पाचांचे होतात, अक्षरांच्या कडा वाकड्या दिसतात. उणे १ दिलं तर इंजिन स्वतः ठरवतं, पण रुंदीला ६४० ने भागून, म्हणून तुमच्या पडद्यावर ३ वर थांबेल. आर_२डी_अनफिल्टर्ड मधला डी तेवढा रोमन मोठ्या अक्षरात (D) लिहा. अनफिल्टर्डच्या दोन ओळींनी चित्रं गुळगुळीत न होता ठिपके ठळक राहतात. १९९७ चा मेनू हवा असेल तर हे कराच.

---

अपस्केल_प्रेमी

सीडीवरचे व्हिडिओ ३२० बाय २४० चे आहेत. नेटवर यंत्राने मोठे केलेले व्हिडिओ मिळतात. तेच सिनमध्ये बदलून टाकले तर?

---

पॅक_शून्य

सिनमध्ये बदलून हाती काही लागणार नाही. हे स्वरूपच ८ बिटांचं आहे, एका चौकटीत २५६ रंग. मोठ्या केलेल्या चित्रातल्या रंगांच्या मऊ छटा पुन्हा २५६ रंगांत कोंबल्या की आकाशात आणि चेहऱ्यावर पट्टे उमटतात.

फाइलीची रचना बघितली की लक्षात येईल. सुरुवातीला २० बाइट: रुंदी, उंची, आवाजाचा दर, नमुन्याची रुंदी, वाहिन्या. मग हफमन संकेतनासाठी (चित्रं दाबून लहान करायची पद्धत) २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५५३६ बाइटांचा तक्ता. त्यानंतर एकेक चौकट, रंगपट बदलला असेल तर तिच्याआधी ७६८ बाइटांचा नवा रंगपट. वेग सेकंदाला १४ चौकटी, ठरलेला. आवाज अजिबात न दाबलेला: २२०५० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. २२०५० ला १४ ने भागलं की बरोबर १५७५ येतात, म्हणून प्रत्येक चौकटीमागे १५७५ नमुने, ६३०० बाइट. ३० चौकटींचा व्हिडिओ यात घालायचा तर निम्म्याहून जास्त चौकटी फेकाव्या लागतात.

एफएफएमपेग (व्हिडिओ वाचायचं-बदलायचं मोफत साधन) ही फाइल वाचतं, बनवत नाही. बनवायला आयडीचंच क्यूडेटा हे जुनं साधन लागतं, त्याला क्रमांक दिलेल्या पीसीएक्स चौकटी आणि वेव्ह फाइल द्यायची.

तपासायला मात्र एफएफएमपेग छान. त्याच्यासोबत येणाऱ्या एफएफप्रोबला एनट्रो.सिन द्या: ३२० बाय २४०, १४ चौकटी, २२०५० असं आलं तर सीडीवरून नक्कल नीट झाली आहे. सीडीवर ओरखडे असतील तर फाइल मध्येच तुटते, आणि तसाच तुटका व्हिडिओ खेळात अडकतो.

माझं मत विचाराल तर मूळच ठेवा. सेकंदाला १४ चौकटींची ती अडखळती चाल आणि ठिपक्यांनी साधलेल्या छटा त्या काळाच्या आहेत, त्यांना घासूनपुसून दुसरंच काही होतं. आणि अनोळखी ठिकाणचे व्हिडिओचे गठ्ठे उतरवू नका. इंजिनाचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे, चित्रं, आवाज आणि व्हिडिओ नाहीत. सीडी घरात आहे ना, ती वापरा.

---

दुपारची_शिफ्ट

फार आभार. ११ फाइली टाकल्या, पाथमध्ये ३३०७ आले, एफएफप्रोबनेही तेच आकडे दिले. मेनू अगदी हवा तसा झाला, कर्सरसकट.

पण दोन नव्या अडचणी. मेनूच्या ओळी मी मेनू.सीएफजी अशा वेगळ्या फाइलीत ठेवल्या आणि शॉर्टकटमध्ये '+एक्झेक मेनू.सीएफजी' लिहिलं. तेव्हापासून लोगोही नाही आणि डेमोही नाही. न्यू गेमला एनट्रो सुरू होतो, पण सेकंदभरात नाहीसा होतो.

---

पॅक_शून्य

पहिल्याचं कारण तो शॉर्टकटच. इंजिन डी१ तेव्हाच चालवतं, जेव्हा आज्ञेच्या ओळीत अधिक चिन्हाची दुसरी आज्ञा उरलेली नसते. '+सेट' आधीच वापरून संपवली जाते, म्हणून ती चालते. '+एक्झेक' किंवा '+मॅप' उरते, आणि इंजिन समजतं की काय करायचं ते खेळणाऱ्याने सांगितलंय. डी१ वगळला जातो. फाइलीचं नाव ऑटोएक्झेक.सीएफजी करा आणि शॉर्टकटमधून ती आज्ञा काढा. ही फाइल डी१ च्या आधी आपोआप वाचली जाते.

नाव बदलताना विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसतंय ना ते बघा. नाहीतर ऑटोएक्झेक.सीएफजी.टीएक्सटी होतं. आणि डॉक्युमेंट्समध्ये यामागीक्यू२ नावाचा फोल्डर असतो, त्यातला बेसक्यू२ आधी वाचला जातो. तिथे जुनी ऑटोएक्झेक पडून असेल तर तीच लागू होईल.

दुसरं: एका सेकंदाने जातो म्हणजे कुठलंतरी बटण दाबलेलं धरलं जातंय. व्हिडिओ सुरू होऊन १००० मिलिसेकंद झाले की कोणतंही बटण तो वगळतं. कंट्रोलर जोडलेला आहे का?

---

दुपारची_शिफ्ट

आहे. पालथा ठेवला होता, ट्रिगर टेबलावर दाबला जात होता. काढल्यावर एनट्रो शेवटपर्यंत दिसला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आहेत, ते बरोबर?

---

रेलगन_रत्नागिरी

बरोबर. यामागी व्हिडिओ ४:३ मध्येच दाखवतं. जुनं इंजिन पडदाभर ताणायचं, रुंद पडद्यावर चेहरे पसरट दिसायचे.

संगीत राहिलंय. सीडीचा पहिला ट्रॅक डेटाचा, २ ते ११ गाण्यांचे, एकूण दहा. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीने काढा, ऑग व्हॉर्बिसमध्ये बदला आणि बेसक्यू२ मध्ये म्युझिक फोल्डर करून ०२.ऑग ते ११.ऑग अशी नावं द्या. काही प्रोग्रॅम पहिल्या गाण्याला ०१ देतात, तिथे घोळ होतो. प्रत्येक मॅपमध्ये ट्रॅकचा आकडा लिहिलेला असतो, एकाने सरकला की सगळ्या लेव्हलींना चुकीचं गाणं लागतं आणि शेवटच्या आकड्याला काहीच वाजत नाही. मग ऑग_एनेबल १ आणि ऑग_व्हॉल्यूम ०.७ पासून सुरू करून आवाज बेताचा करा.

---

स्ट्रॉग_क्र_९

द रेकनिंग या क्वेक २ च्या विस्तारालाही हीच पद्धत चालेल का? आणि २०२३ च्या नव्या आवृत्तीतल्या फाइली यामागीत टाकता येतील?

---

पॅक_शून्य

रेकनिंगला हो. त्याच्या झॅट्रिक्स फोल्डरात व्हिडिओ फोल्डर करून एक्सइन.सिन आणि एक्सआउट.सिन ठेवा, आणि '+सेट गेम झॅट्रिक्स' लावून सुरू करा. '+सेट' आहे, त्यामुळे डी१ ला धक्का लागत नाही.

२०२३ च्या आवृत्तीचा डेटा यामागीत मिसळू नका. तिचा पॅक०.पॅक वेगळा आहे, यामागीसाठी नाही. ती रीरिलीज नावाच्या वेगळ्या फोल्डरात असते, त्याच्या बाहेरचा बेसक्यू२ जुन्या खेळाचा. व्हिडिओ आणि संगीत या बाहेरच्या बेसक्यू२ मध्येच ठेवा.

---

दुपारची_शिफ्ट

०२ ते ११ टाकले, बेस१ मध्ये संगीत सुरू झालं. ऑटोएक्झेक केल्यावर लोगो आणि डेमोही परत आले. पहिल्या युनिटच्या शेवटी ईओयू१_ पण दिसला. धाग्याला 'सुटलं' अशी खूण करतोय.