तुमच्या गावाचं तोंड कोणीकडे? (अनुभव धागा)

आजोबांनी सांगितलेलं गाव आणि आजचं गाव एकाच नकाशावर बसतं का? विदर्भातल्यांनी लिहा. नुसतं 'गाव बदललं' नको. कोणत्या बाजूला काय होतं आणि तिथे आता काय आहे, ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. वर्धा जिल्हा. गावाचं तोंड नदीकडे होतं, वेस आणि मारुतीही तिकडेच. डांबरी रस्ता आला तो पाठीमागून, उकिरड्यांच्या बाजूने. लोकांनी परसातल्या भिंती फोडून दारं काढली. सगळ्यात महाग जागा आता उकिरड्यांची!

अकोला : आमची गढी घरायनं खाल्ली, राजेहो. धाब्यावर, म्हंजे घराच्या मातीच्या छतावर टाकाले गढीचीच पांढरी माती लागे, पाणी झिरपत नाही तिच्यातून. उन्हाळा लागला का जो तो बंडी जुपून गढीवर. स्लॅब आले तवा खोदणं थांबलं. उरलेल्या टेकाडावर आता पाण्याची टाकी हाये.

भंडारा : मधोमध मालगुजाराचा (जमीनदाराचा) वाडा, वर तलाव, पाळीखाली धानाच्या बांध्या. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा होऊन 'मामा तलाव' (माजी मालगुजारी तलाव) झाला. पण गाव खरं बदललं ते सांदवाड्यांमुळे. घरामागे भाजीपाला, तणसाचा ढीग, गोठा असायचा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि तिथेच घरं उठली. गल्ल्या मात्र बंडीच्याच मापाच्या, त्यामुळे ट्रॅक्टर पाराजवळ उभा करून पोती डोक्यावर न्यावी लागतात.

यवतमाळ : आमची वस्ती वेशीबाहेर. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर तिथे विहार झाला. पुढे हायवे नेमका आमच्या अंगावरून गेला. गावाच्या नावाची पाटी आता आमच्या अंगणालगत आहे, आणि गावात शिरताना पहिलं घर आमचं. ज्यांचे आजे आमच्या विहिरीचं पाणी पीत नसत, ते प्लॉटचा भाव विचारायला येतात. आम्ही चहा पाजतो, भाव सांगत नाही.

पवनीकडचा : आमचं गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावात रस्ते सरळ, काटकोनात. प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले, त्यामुळे एका मोहल्ल्यातले लोक चार कोपऱ्यांत. मातामाय, म्हणजे आमची गावदेवी, ट्रॅक्टरवर बसून आली. तिला कुठे बसवायचं यावर तीन बैठका झाल्या, कारण जुन्या गावात ती शिवेवर होती आणि नव्याची शीव कोणती हेच ठरेना.

वर्धा (धागाकर्ता) : मग बसवली कुठे?

पवनीकडचा : शेवटच्या प्लॉटच्या पलीकडे. आता तिच्याही पलीकडे चार घरं झाली.