मदत हवी आहे: रेसिंग गेमच्या टीझरवरून ट्रॅकचा नकाशा काढतोय, फेरी बंदच होत नाही

रंकाळा_रेसर
रविवारी रात्री १२ च्या आत नकाशा द्यायचाय आणि फेरी काही केल्या बंद होईना. टीझर ४८ सेकंदांचा, पूर्ण एक फेरी. सुरुवात-शेवटचा पट्टा ओलांडताना सुरू होतो, त्याच पट्ट्यावर संपतो. प्रत्येक भागाला किती सेकंद लागले ते मोजलं, वळणं डावी-उजवी लिहून काढली आणि चौकटीच्या कागदावर १ सेकंद म्हणजे १ घर धरून रेघा मारल्या. शेवटी गाडी सुरुवातीच्या जागी यायला पाहिजे. ती ६ घरं डावीकडं आणि १२ घरं खाली जाऊन थांबते, तोंड पण उलटीकडं. चार वेळा मोजून झालंय. काय चुकतंय? जरा लवकर सांगा.

शाहूपुरी_शेल
अरे, फेरी बंद व्हायलाच पाहिजे असं काही नसतंय आता. मारियो कार्ट वर्ल्डमध्ये ग्रां प्रीची, म्हणजे सलग शर्यतींच्या मालिकेची, पहिली शर्यत तेवढी ३ फेऱ्यांची. पुढच्या शर्यतीत आधीच्या ट्रॅकवरून रस्त्यानं नव्या ट्रॅकपर्यंत जायचं आणि तिथं एकच फेरी मारायची. म्हणजे तुझी क्लिप त्या मधल्या रस्त्याची असणार. वाट उघडीच ठेव, दोन टोकं दाखव आणि पाठवून दे.

कट_ड्रिफ्ट
शेल, त्यानं "पट्ट्यावर सुरू, पट्ट्यावर संपतो" असं लिहिलंय, नीट वाच. रेसर भावा, आधी हे सांग:
गेम कुठला? ५०, १००, १५०, २०० यातलं सीसी (वेगाचा वर्ग) कुठलं? मिरर, म्हणजे डावं-उजवं उलटं केलेला ट्रॅक, आहे का? पडद्यावर छोटा नकाशा दिसतो का? आणि क्लिप एकसंध आहे का? स्विच कन्सोलचं कॅप्चर बटण दाबून धरलं तर मागचे ३० सेकंदच साठतात, तेही ७२० पी आणि ३० एफपीएसनं. ४८ सेकंद म्हणजे एक तर कॅप्चर कार्ड (बाहेरून रेकॉर्ड करायचं यंत्र), नाही तर दोन तुकडे जोडलेत. जोडले असतील तर मधला रस्ता गायब, मग जन्मात फेरी बंद होणार नाही.

रंकाळा_रेसर
गेम मारियो कार्ट ८ डीलक्सच, दुसरा कुठला असणार. ग्रुपातला एकजण कस्टम ट्रॅक बनवतोय, सोमवारी सगळ्यांना देणार. त्याआधी आकार ओळखायची स्पर्धा आहे, म्हणून कुठं शोधून सापडणार नाही. १५० सीसी, मिरर नाही, कॅप्चर कार्डावरची एकसंध क्लिप. छोटा नकाशा, नाणी, घड्याळ सगळं लपवलंय. मोजमाप टाकतो, सुरुवातीला तोंड उजवीकडं:
३ सेकंद सरळ, डावं. ६, डावं. ५, डावं. १२, डावं. ६, उजवं. ६, उजवं. १० आणि पट्टा. सगळी वळणं जवळपास काटकोनातली.

पन्हाळ्याचा_वारा
कागद सोडा. क्लिप ब्लेंडरमध्ये घ्या, मोशन ट्रॅकिंग लावा, रस्त्याकडेच्या २५-३० ठिपक्यांवर ट्रॅकर बसवा आणि कॅमेरा सॉल्व्ह करा. कॅमेऱ्याची वाट हाच तुमचा नकाशा. तासाभराचं काम.

कट_ड्रिफ्ट
वारा, खऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रणाला ते चालतंय. इथं बूस्ट (क्षणभराचा जादा वेग) लागला की दृश्य ताणलं जातं, फोकल लेंथ बदलल्यासारखं होतं आणि सॉल्व्ह एरर वाढत जातो. त्यात ड्रिफ्ट मारताना, म्हणजे वळणात गाडी घसरवत नेताना, कॅमेरा गाडीच्या नाकासमोर नसतो, कडेला झुकलेला असतो. एवढं करून हातात येणार काय, तर कॅमेऱ्याची वाट, रस्त्याची नव्हे. रेसर, तुझा घोटाळा वेगात असणार. गोळा केलेल्या नाण्यागणिक कमाल वेग थोडा वाढतो, ८ मध्ये १० नाण्यांपर्यंत. ड्रिफ्टनंतर मिळणारा मिनी-टर्बो निळा, नारिंगी की जांभळा यावर बूस्ट किती टिकणार ते ठरतं. १ सेकंद म्हणजे १ घर हे माप सगळीकडं सारखं लागत नाही. बूस्ट कुठं कुठं आहेत?

मोजणीदार
जमिनीच्या मोजणीत आम्ही याला ट्रॅव्हर्स म्हणतो. फिरून त्याच खुंटावर आलं पाहिजे, जेवढा फरक राहील तो क्लोजिंग एरर. उपाय ठरलेला आहे, बाउडिचचा नियम: एकूण फरक प्रत्येक भागाच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायचा. तुमची एकूण लांबी ४८ घरं. १२ च्या भागाला फरकाचा चौथा हिस्सा, ६ च्या भागाला आठवा. कागदावर दहा मिनिटांचं काम आहे.

गुळाची_ढेप
मोजणीदार, तुमचा नियम दुसऱ्या पायरीचा आहे, पहिली पायरी राहिलीय. ट्रॅव्हर्समध्येसुद्धा आधी कोन जुळवतात, मग अंतरं. इथं कोनच जुळत नाहीत.

डावं वळण +९०, उजवं -९० धरा. चार डावी, दोन उजवी. ३६० वजा १८०, बेरीज +१८०. साध्या बंद फेरीत सगळ्या वळणांची बेरीज ३६० यायलाच पाहिजे, अधिक किंवा वजा. रस्ता स्वतःला एकदा ओलांडून इंग्रजी आठासारखा असेल तर ०. +१८० हा आकडा कुठल्याच बंद फेरीचा असू शकत नाही. गाडीचं तोंड उलटीकडं होतं ते यामुळंच. लांबी कितीही ताणा, तोंड फिरणार नाही. म्हणून कट_ड्रिफ्ट, तुमचं नाण्यांचं आणि बूस्टचं म्हणणं बरोबर असलं तरी ते या रोगाचं औषध नाही. वेग चुकला तर फेरी अपुरी राहते, दिशा बदलत नाही.

रेसर, एखाद्या वळणाचा कोन किंवा बाजू चुकलीय. दोन गोष्टी सांगा: क्लिपमध्ये चाकं आडवी होऊन निळी चमकतात का? चमकत असतील तर कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
धागा वाचून डोक्यात आलं. मारियो कार्ट टूर या मोबाइल गेममध्ये पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क, लंडन अशी शहरं आली, पुढं बूस्टर कोर्स पास या जादा ट्रॅकच्या पॅकमधून ८ डीलक्समध्ये पण आली, पण भारतातलं एक पण शहर नाही. कोल्हापूरचा ट्रॅक केला तर नाद खुळा होईल. भवानी मंडपाच्या कमानीतून सुरुवात, महाद्वार रोडची गर्दी, बिनखांबी गणेशापाशी कट, मग रंकाळ्याच्या काठानं लांब वळण. दुसऱ्या फेरीला वाट बदलून खासबाग मैदानातून. शेवटच्या फेरीला सज्जा कोठीवरून ग्लायडर.

पन्हाळ्याचा_वारा
सज्जा कोठी पन्हाळ्यावर, शहरापासून २० किलोमीटरच्या आसपास. एका फेरीत कसं बसवणार? ग्लायडर पाहिजेच असेल तर पन्हाळ्याचा वेगळा ट्रॅक करा. तीन दरवाजातून सुरुवात, तटावरून पळवायचं, सज्जा कोठीवरून उडी आणि घाटानं परत वर.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
टूरमधली शहरं तरी कुठं मापात आहेत? खुणेच्या जागा ओळखू आल्या म्हणजे झालं, मधलं अंतर कापतात. जोतिबाच्या गुलालाचा ढग पण टाकायचा, त्यातून जाताना पुढचं वळण दिसायला नको.

कट_ड्रिफ्ट
शहरांचा वेगळा धागा काढा की. पण त्यातली एक गोष्ट इथं उपयोगाची आहे. त्या शहरांच्या ट्रॅकवर दर फेरीला वाट बदलते, म्हणून एका फेरीचं मोजमाप दुसऱ्या फेरीला लावायचं नाही. रेसरकडं एकच फेरी आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.
ढेप, कोनाचं पटलं. पण ड्रिफ्टमध्ये कॅमेरा फिरतो त्यामुळं ९० च्या जागी ७० किंवा ११० वाचला असेल. चार-पाच वळणांत मिळून १८० चा घोळ होऊ शकतो.

गुळाची_ढेप
कॅमेऱ्याची चूक ड्रिफ्ट सुटला की संपते. कोन वळणात मोजायचाच नाही. वळणाआधीच्या सरळ भागात लांबचा डोंगर किंवा मनोरा पडद्यावर कुठं आहे ते बघायचं आणि वळण संपून गाडी सरळ झाल्यावर परत तोच बघायचा. जवळचं झाड किंवा जाहिरातीची पाटी धरायची नाही, गाडी पुढं गेली की तीही सरकते. आणि २०-२० अंशांच्या चुका बरोब्बर १८० वर येऊन थांबत नाहीत. एका काटकोनाची बाजू उलटी लिहिली की बेरजेत नेमका १८० चा फरक पडतो. म्हणून चाकांचं विचारलं.

रंकाळा_रेसर
हो, अँटी-ग्रॅव्हिटी आहे, म्हणजे गाडी भिंतीवर किंवा उलटी लटकून पळते, ती तर दिसतेच की. १७ व्या सेकंदाला रस्ता पिळवटल्यासारखा होतो, २८ व्या सेकंदाला चाकं परत खाली येतात. पण मी बाजू उलटी लिहिलेली नाही, २६ व्या सेकंदाचं वळण डावंच आहे. दहा वेळा बघितलंय. डावीकडंच वळते गाडी.

मोजणीदार
पिळवटतो म्हणजे कडेवर जातो की पूर्ण उलटा होतो? त्या वेळी आभाळ कुठं दिसतंय?

रंकाळा_रेसर
आभाळ खाली. वर कुठला तरी रस्ता आणि प्रेक्षकांचे स्टँड दिसतात, सजावट आहे ती.

गुळाची_ढेप
सापडलं. तुम्ही डावं लिहिलंत ते गाडीतल्या माणसाचं डावं आहे. त्या वेळी गाडी रस्त्याच्या खालच्या अंगाला लटकलीय, डोकं जमिनीकडं. कॅमेरा गाडीबरोबरच उलटा होतो म्हणून बघणाऱ्याला काही वेगळं वाटत नाही. नकाशा आपण आभाळातून बघून काढतो. उताणं झोपलेल्या माणसाचा डावा हात वरून बघणाऱ्याला एका बाजूला दिसतो, तोच माणूस डोक्याची दिशा न बदलता पालथा झाला की दुसऱ्या बाजूला जातो. तसंच हे. पूर्ण उलट्या भागातलं प्रत्येक डावं वळण नकाशावर उजवं काढायचं, उजवं ते डावं.

२६ वं सेकंद १७ आणि २८ च्या मधलं, म्हणजे चौथं वळण नकाशावर उजवं. आता तीन डावी, तीन उजवी, बेरीज ०. इंग्रजी आठ. रस्ता स्वतःला ओलांडतोय आणि "सजावट" म्हणून सोडलेला वरचा रस्ता तुमचाच पट्ट्याचा सरळ भाग आहे. स्टँड पट्ट्याजवळच असतात.

कडेवरच्या, म्हणजे भिंतीवर चालणाऱ्या भागाला मात्र हा नियम लावू नका. तिथं डावं-उजवं वळण नकाशावर वर-खाली चढ-उतार होऊन बसतं, कोनाच्या बेरजेत ते धरायचंच नाही.

रंकाळा_रेसर
काढलं. तोंड बरोबर आलं! पण अजून २ घरं उजवीकडं जास्त जातंय. वर-खाली जुळतंय, आडवंच चुकतंय.

मोजणीदार
आता बाउडिच. ४८ त २ चा फरक, म्हणजे २४ त १. १२ च्या भागाला अर्धं घर, १० च्याला ०.४२, ६ च्यांना पाव-पाव घर, ५ च्याला ०.२१, ३ च्याला ०.१३. बेरीज २. झालं.

कट_ड्रिफ्ट
नको मोजणीदार. बाउडिच लावला की आडवा फरक उभ्या भागांवर पण वाटला जाणार, म्हणजे सरळ उभे रस्ते तिरके होणार. मोजणीची चेन ओढताना थोडी-थोडी चूक सगळीकडं होते म्हणून तो नियम तिथं ठीक आहे. इथं चूक एका जागी साठलेली असते, बूस्ट असतो तिथं. रेसर, आडवे भाग चार: ३, ५, ६, १०. डॅश पॅनेल (वरून गेलं की बूस्ट देणारे रस्त्यावरचे बाण) कुठल्या भागात आहेत? अँटी-ग्रॅव्हिटीत दुसऱ्या गाडीला धडकून गिरकी घेतली तरी बूस्ट मिळतो, तेही बघ.

रंकाळा_रेसर
धडक कुठं नाही. ५ सेकंदांच्या भागात डॅश पॅनेल आहेत, ओळीनं तीन.

गुळाची_ढेप
मग तो भाग ५ पेक्षा लांब आहे. किती, ते अंदाजानं नको, क्लिपच सांगेल. तुमच्या आकड्यांवरून १२ घरांचा उभा उलटा रस्ता आपल्या बरोबर निम्म्यात पट्ट्याच्या सरळ भागाला वरून ओलांडतो: १४ अधिक ६, २० व्या सेकंदाला. तोच रस्ता शेवटच्या सरळ भागात पूल होऊन तुमच्या डोक्यावरून गेला पाहिजे. तो भाग ३८ ला सुरू होतो, अधिक ६, म्हणजे ४४ व्या सेकंदाला. हे दोन क्षण तपासा.

रंकाळा_रेसर
२० ला वरचा रस्ता बरोब्बर आडवा जातो. ४४ ला निळ्या पट्टीचा पूल डोक्यावरून जातो. मी त्याला कमान समजलो होतो.

गुळाची_ढेप
मग हिशेब संपला. पूल ४४ ला, पट्टा ४८ ला, मधे ४ घरं. पट्ट्यापासून पहिल्या वळणापर्यंत ३. डॅश पॅनेलचा भाग या दोन्हींच्या वरून समांतर जातो, म्हणून त्याची लांबी ४ अधिक ३, ७ घरं. तुमचे कमी पडलेले २ तिथंच आहेत. बाकी कशाला हात लावू नका.

मोजणीदार
पटलं. स्वतंत्र ताळा मिळत असेल तर फरक वाटायची गरज नाही.

शाहूपुरी_शेल
वर्ल्डमध्ये अँटी-ग्रॅव्हिटीच नाही, म्हणून माझ्या डोक्यात ते आलंच नाही. रेसर, पहिल्याच पोस्टमध्ये गेमचं नाव टाकायचं मर्दा, निम्मा धागा वाचला असता.

रंकाळा_रेसर
बंद झाली फेरी. आडवं-उभं दोन्ही शून्य. लई आभार ढेप, ड्रिफ्ट. पाठवू का असाच?

कट_ड्रिफ्ट
थांब. ओलांडणीच्या जागी खालच्या रस्त्याची रेघ तोडून काढ आणि पुलाची रेघ वरून जाऊ दे, नाहीतर बघणारा चौक समजेल. १७ ते २८ सेकंदांचा भाग तुटक रेघेनं दाखव आणि बाजूला "उलटा" लिही. तीन डॅश पॅनेल ७ घरांच्या भागात बाणांनी. आणि दिशा दाखवणारा बाण पट्ट्यावर पाहिजेच. इंग्रजी आठ उलट्या दिशेनं पळवला तरी आकार तोच दिसतो.