रूबीचा लाइफटाइम: दोन बेरजा पुरेत की अख्खा कर्व्ह हवाच?

रावपुरा_लॅब (बडोदा):
आमच्याकडे एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला रूबीचा ल्युमिनेसन्स लाइफटाइम काढतात, म्हणजे झोत बंद झाल्यावर त्याची चमक सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. हिरव्या एलईडीचा झोत मारायचा, बंद करायचा, आणि लाल फिल्टरमागच्या फोटोडायोडवर उजेड कसा ओसरतो ते ऑसिलोस्कोपवर बघायचं. मग डेटा पेनड्राइव्हवर, मग फिटिंग, म्हणजे त्या कर्व्हवर सूत्र बसवणं. मुलांची अख्खी दुपार त्यातच जाते आणि हाती येतं सॉफ्टवेअरचं उत्तर.

त्यापेक्षा रॅपिड लाइफटाइम पद्धत शिकवा. झोत बंद झाल्यावर लागोपाठ दोन सारख्या खिडक्या (वेळाचे तुकडे), प्रत्येकीतल्या सिग्नलची बेरीज. पहिलीत १०००, दुसरीत ३६८ आले, तर गुणोत्तराचा नॅचरल लॉग १. खिडकीच्या लांबीला या लॉगने भागलं की लाइफटाइम; खिडकी ३.५ मिलिसेकंदांची, म्हणजे लाइफटाइमही तेवढाच. संपलं! बॅल्यू आणि डेमास या संशोधकांनी १९८९ मध्येच यातल्या चुकांचं गणित करून ठेवलंय.

मांडवीचा_मास्तर:
ते गणित सिंगल एक्स्पोनेन्शियलसाठी, म्हणजे सारख्या वेळात सारख्याच पटीने ओसरणाऱ्या उजेडासाठी आहे, हे सोयीस्करपणे गाळलंत. शिवाय त्यांच्याच हिशोबाने खिडकी लाइफटाइमच्या साधारण अडीचपट ठेवावी. म्हणजे जे काढायचंय ते आधीच माहीत हवं! छान.

खरी अडचण वेगळीच. दोन आकडे दिले की हे सूत्र काही ना काही उत्तर देतंच. ऑक्सिजन मोजायला पॉलिमरच्या फिल्ममध्ये रुथेनियमचं कॉम्प्लेक्स घालतात; ऑक्सिजन वाढला की त्याचा लाइफटाइम घटतो. तिथे प्रत्येक रेणूच्या आजूबाजूची परिस्थिती वेगळी, त्यामुळे कर्व्ह एकाच एक्स्पोनेन्शियलचा नसतो. लॉग स्केलवर सरळ रेषेऐवजी वाक दिसतो, दोन बेरजांत काहीच दिसत नाही.

मकरपुरा_वाइंडिंग:
मी ट्रान्सफॉर्मरवाला. वाइंडिंगचा हॉट स्पॉट (सगळ्यात तापलेली जागा) मोजायला फायबर ऑप्टिक प्रोब घालतात, टोकाला फॉस्फर, म्हणजे उजेड मारला की चमकणारा पदार्थ. तापमान चढलं की त्याचा डिके टाइम, म्हणजे तुमचा लाइफटाइम, कमी होतो. फायबर कुठे वाकलं, कनेक्टरवर तेल लागलं, तर उजेड निम्मा होतो, पण डिके टाइम तोच राहतो. गुणोत्तराचं महत्त्व आम्हाला कुणी शिकवायला नको.

मात्र ‘रॅपिड’चं कौतुक समजलं नाही. तेल तापायला तास लागतात. घाई कुणाला आहे?

रावपुरा_लॅब:
घाई कॅमेरावाल्यांना असते, काका. विंड टनेलमध्ये मॉडेलवर हवेचा दाब लाइफटाइममधून दाखवणारा रंग लावतात. तिथे प्रत्येक पिक्सेलचा लाइफटाइम हवा. लाखो पिक्सेलना कर्व्ह फिट करत बसणार का? दोन फोटो, एक भागाकार.

@मास्तर, खिडकी आधी अंदाजाने ठेवायची, उत्तर आलं की सुधारून पुन्हा मोजायचं.

फायनल_इयर:
सर, एक शंका. अर्दुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड सेकंदाला नऊ-दहा हजार रीडिंग घेतो, म्हणजे ३.५ मिलिसेकंदांत तीसेक. रूबीसाठी अख्खा कर्व्ह फुकटातच मिळतोय की! नॅनोसेकंदांचा मामला असता तर गोष्ट वेगळी.

मांडवीचा_मास्तर:
शाब्बास. आता बॅकग्राउंडचा (बाहेरून शिरणाऱ्या उजेडाचा) हिशोब करून बघ. दोन्ही खिडक्यांत ५० जास्तीचे टाक: १०५० आणि ४१८. उत्तर येतं ३.८. आठ टक्क्यांवर चूक, आणि बोंब मारायला कुणी नाही.

रावपुरा_लॅब:
मग तिसरी खिडकी घ्या: १३५ अधिक ५०, १८५. पहिलीतून दुसरी वजा केली, ६३२. दुसरीतून तिसरी, २३३. त्यांचं गुणोत्तर घेतलं की पुन्हा ३.५ वर. बॅकग्राउंड आपोआप कटलं.

मकरपुरा_वाइंडिंग:
बॅकग्राउंड स्थिर असेल तर. चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी. तुमच्या तीन खिडक्या मिळून साडेदहा. एकाच झोतावर भरवसा ठेवलात तर तिन्हींत वेगवेगळी भर पडणार. एक तर काळ्या खोक्यात मोजा, नाहीतर मेन्सशी ताळमेळ नसलेले शेकडो झोत मारून सरासरी घ्या.

रावपुरा_लॅब:
खोकं आहे. झाकणाच्या फटीवर काळी टेप मारायला हवी, एवढंच. तीन खिडक्यांत नॉइज जास्त वाढतो हेही मान्य, वजाबाकीचा तो भुर्दंड आहेच. तरी पोरं रूबी तापवून दर मिनिटाला लाइफटाइम उतरताना बघतील. फिटिंगच्या नादात हे कधी होणार?

मांडवीचा_मास्तर:
बघू देत की. फक्त जर्नलमध्ये कर्व्हचा एक तरी ग्राफ सेमी-लॉगवर (उभा अक्ष लॉगचा) काढून चिकटवलेला हवा. नसेल तर मी सही करणार नाही.