शब्दचर्चा: खलनायक माणूसच नसेल तर त्याला म्हणायचं काय?

पानखूण:
विज्ञानकथांमधल्या दुष्ट शक्तींवरचा एक लांबलचक लेख मराठीत आणतोय. लेखाचं म्हणणं असं की या कथांमधला खलनायक बरेचदा एखादा माणूस नसतोच. समाजाला मुठीत ठेवणारी व्यवस्थाच खलनायक असते, आणि ती धर्माचा सगळा सरंजाम घेऊन येते: प्रार्थना, पापाची कबुली, उत्सव, पाखंडी, तारणहार. पहिल्या खर्ड्यात मी सरसकट 'खलनायक' लिहिलं. तपासणाऱ्यांनी समासात शेरा मारला: "संगणक नायक कसा? आणि पुढची क्रियापदं कुठल्या लिंगात चालवणार?" मला उत्तर सुचलं नाही. 'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी मालिकेच्या 1967 च्या एका भागात सहा हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या लँड्रूच्या नावाने एक यंत्र राज्य करतं, आणि डोक्यावरून झगे ओढलेले अंमलदार त्याची 'इच्छा' लोकांना ऐकवतात. त्याला तो म्हणू, ती की ते? खलनायक, प्रतिनायक, खलपात्र, दुष्टशक्ती यातलं काय चालेल? आणि 'सोशल कंट्रोल'साठी 'सामाजिक नियंत्रण' पुरतं का?

तत्सम:
'प्रतिनायक' घ्या. शास्त्रशुद्ध आहे. धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात, म्हणजे दहाव्या शतकात, व्याख्याच दिली आहे. 'खलनायक' हा शब्द सिनेमाच्या पोस्टरवर शोभतो.

चालतंबोलतं:
व्याख्या दिली आहे ना, मग ती वाचा की. लोभी, धीरोद्धत (म्हणजे गर्विष्ठ, तापट), हट्टी, पापी, व्यसनी असा शत्रू म्हणजे प्रतिनायक. आता हे लँड्रूला लावून बघा. यंत्राला लोभ नाही, गर्व नाही, व्यसन तर नाहीच, पाप म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नाही. शांतता राखायची एवढी एकच आज्ञा ते अक्षरशः पाळतंय. पाचांतली चार लक्षणं गळाली, हट्ट तेवढा उरला. ज्याच्यात दुर्गुणच नाहीत त्याला दुर्गुणांच्या यादीतलं नाव कसं देणार?

व्युत्पत्तीवेडा:
'खल'मध्ये एक गंमत आहे. संस्कृतात 'खल' म्हणजे धान्य मळायची जागा, आपलं खळं. इंग्रजी 'व्हिलन' निघाला लॅटिन 'विलानुस'पासून, म्हणजे मळ्यावर राबणारा कुणबी. दोन्हीकडे दुष्ट माणूस शेतातूनच आला! 'खलबत' करणारेही खलच.

तत्सम:
'खलबत' अरबी 'खल्वत'पासून आला, म्हणजे एकांत. त्याचा 'खल'शी काडीचा संबंध नाही. खळं आणि दुष्ट हे दोन 'खल' एकाच मुळाचे आहेत असंही धरून चालू नका. व्हिलनशी जुळलं तो निव्वळ योगायोग.

व्युत्पत्तीवेडा:
मी 'गंमत' म्हटलं होतं, 'सिद्धांत' नव्हे.

समासविग्रह:
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. 'सामाजिक नियंत्रण' ही समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली संज्ञा आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉस यांचं त्याच नावाचं इंग्रजी पुस्तक 1901 चं. तिथे अर्थ तटस्थ आहे. रूढी, संस्कार, लोकलाज, 'लोक काय म्हणतील' हे सगळं त्यात येतं. लेखात दहशतीचा अर्थ हवा असेल तर हा शब्द गुळमुळीत वाटेल. खरी अडचण मात्र 'सामाजिक' या विशेषणात आहे. हे नियंत्रण समाजाने केलेलं, की समाजावर केलेलं? शब्द ते सांगत नाही. प्रत्येक ठिकाणी कर्ता शोधा. रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वुई' या कादंबरीत (लेखन 1920-21, इंग्रजी भाषांतर 1924) माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरं काचेची आहेत आणि पाळतीवर रक्षक आहेत. ते 'समाजावरचं'. हक्सलीच्या 1932 च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीत कोणी मरगळलेला दिसला की शेजारचेच गोळी पुढे करतात. ते 'समाजाने केलेलं'. पहिल्याला 'अंकुश' किंवा 'जरब' चालेल. दुसऱ्याला कुठलाही कठोर शब्द लावलात तर कादंबरीच उलटी होते, कारण तिथे जरब कुठेच नाही, नुसती काळजी आहे.

यमनियम:
इथे एक शब्द सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय: 'यंत्रणा'. मराठीत यंत्रणा म्हणजे सिस्टीम: तपासयंत्रणा, सरकारी यंत्रणा. संस्कृतात 'यन्त्रणा' म्हणजे बंधन, आवळून बांधणं, पीडा. हिंदीत आणि बंगालीत आजही यंत्रणा म्हणजे यातना. शिवाय 'नियंत्रण' त्याच मुळाचं, 'यंत्र'ही त्याच मुळाचं. यम् म्हणजे आवरणं, रोखणं. नियम, संयम त्यातलेच, आणि परंपरेच्या मते खुद्द यमही. यंत्र, बंधन, यातना आणि व्यवस्था एकाच शब्दात! लेखातल्या खलनायकाला सरळ 'यंत्रणा' म्हणा. लिंगाचाही प्रश्न मिटतो: ती.

चालतंबोलतं:
वाचकाला हिंदी-बंगाली अर्थ माहीत नसेल तर त्याला 'यंत्रणा सज्ज'ची बातमीच आठवणार. मूळ अर्थ कोशात सुखरूप आहे, वाक्यात नाही. शब्दाचं मूळ कितीही देखणं असलं तरी ते तळटीप मागतं, आणि पडद्यावरच्या उपशीर्षकांना तळटीप नसते.

यमनियम:
लेख छापायचा आहे, उपशीर्षकं कुठून आली? आणि एका वाक्यात अर्थ उलगडता येतो. 'यंत्रणा, जिचा जुना अर्थच बंधन' एवढं एकदा लिहा, पुढे वाचक तो अर्थ सोबत घेऊन चालतो.

ओठजुळणी:
उपशीर्षकांचा विषय निघालाच आहे म्हणून. 'स्टार ट्रेक'मधले बोर्ग, म्हणजे एकाच मनाने चालणारे अर्धे यंत्र-अर्धे जीव, परक्यांना पकडून आपल्यात मिसळतात त्या क्रियेला मराठीत काय म्हणायचं? 'समाविष्ट करू' म्हटलं की यादीत नाव घातल्यासारखं वाटतं. 'सामावून घेऊ' म्हणजे लग्नघरात पाहुण्यांची सोय. 'आत्मसात करू' म्हटलं तर प्रेक्षक हसतो, कारण आपण भाषा आत्मसात करतो, कला आत्मसात करतो.

तत्सम:
हसू दे. 'आत्मसात'इतका नेमका शब्द मिळणार नाही. हा 'सात्' प्रत्यय पाणिनीने 'अष्टाध्यायी'त सांगितलाय (5.4.52), आणि अट घातलीय 'कार्त्स्न्ये', म्हणजे संपूर्णपणे. थोडंसं जळलं तर भस्मसात म्हणायचं नाही, कणही उरला नाही तरच म्हणायचं. परंपरेतलं दुसरं उदाहरण मिठाचं: पाण्यात पडून मीठ पाणीच होऊन जातं. बोर्ग नेमकं हेच करतात, पकडलेल्याचा 'मी' विरघळवतात. दोन सूत्रं पुढे (5.4.54) हाच प्रत्यय 'त्याच्या ताब्यात देणं' या अर्थाने येतो. त्यातून 'राजसात', जो आपण जप्तीसाठी वापरतो. म्हणजे आत्मसात आणि राजसात सख्खी भावंडं. एक ज्ञान मिळवण्याचा, एक जप्तीचा.

चालतंबोलतं:
आजच्या दिवसापुरतं तुमच्याशी सहमत. पण मग 'आत्मसात्' असा पाय मोडून लिहू नका, मराठीत तो कधीच सरळ झालाय.

तत्सम:
पाय मोडलेलाच बरोबर आहे.

समासविग्रह:
बोर्गांचं व्याकरणही बघा. 1989 मध्ये ते आले तेव्हा 'मी' म्हणणारं कोणी नव्हतं, सगळं 'आम्ही'. 1996 च्या चित्रपटात त्यांना राणी मिळाली आणि 'खलनायिका' हा शब्द आपोआप बसला. म्हणजे एकाच शत्रूला 1996 च्या आधी एक शब्द आणि नंतर दुसरा. सरसकट एकच प्रतिशब्द का चालणार नाही याचा हा पुरावा. 'आम्ही' आणि 'आपण' यांचाही घोळ करू नका. इंग्रजीला एकच 'वुई' आहे. मराठी 'आम्ही' समोरच्याला बाहेर ठेवतो, 'आपण' आत घेतो. पकडण्याआधी 'आम्ही', पकडल्यानंतर त्याच माणसाशी बोलताना 'आपण'. मूळ संवादात नसलेला काटा मराठीत फुकट मिळतो, तो सोडू नका.

पानखूण:
हे फारच कामाचं आहे. पण माझा मूळ प्रश्न…

ओठजुळणी:
सर्वनामांवरून: ऑर्वेलच्या 1949 च्या '1984' या कादंबरीतला तो मिशाळ चेहरा, 'बिग ब्रदर'. 'थोरला भाऊ', 'मोठा भाऊ', 'दादा', 'बंधुराज' हे सगळे पर्याय सुचतात. 'दादा' बाद, कारण तो गल्लीतला गुंडही आहे, आणि इथे गुंडगिरी दिसायला नको. 'भाई'चंही तेच. डबिंगमध्ये 'मोठा भाऊ' जिंकतो: मूळ नावात दोन्ही शब्द ओठ मिटून सुरू होतात, 'म' आणि 'भ'लाही ओठ मिटतात, आणि नेमके त्याच जागी. 'थोरला'चा 'थ' दाताशी जातो, पडद्यावर तोंड उघडं दिसतं आणि आवाज वेगळा येतो. छापील मजकुरात मात्र 'थोरला'च घ्या, त्यात वडीलकी आहे.

यमनियम:
आणि त्याच्या पोस्टरवरचं ते वाक्य, 'बिग ब्रदर इज वॉचिंग यू'? 'पाहतोय', 'नजर ठेवून आहे' यात नुसती हेरगिरी आहे. मराठीत त्यासाठी तयार शब्द आहे, 'लक्ष'. देवापुढे हात जोडून माणूस म्हणतो, "लक्ष असू दे रे बाबा." आणि वर्गात मास्तर म्हणतात, "माझं लक्ष आहे हं!" कृपा आणि पाळत, दोन्ही तोच शब्द. 'थोरल्या भावाचं तुझ्यावर लक्ष आहे.' आता ठरवा, हा आशीर्वाद की धमकी.

चालतंबोलतं:
'तुझ्याकडे' की 'तुझ्यावर'? 'तुझ्याकडे लक्ष आहे' म्हणजे काळजी, 'तुझ्यावर लक्ष आहे' म्हणजे संशय. शब्दयोगी अव्ययाने दुहेरी अर्थ मोडलात. नुसतं 'लक्ष आहे' ठेवा. पोस्टरला तेवढं पुरे.

यमनियम:
मान्य. नुसतं 'लक्ष आहे.'

समासविग्रह:
आणि प्रजा त्याला काय म्हणते, 'तू' की 'आपण'? मला वाटतं लेखाचा सगळा धर्माचा मुद्दा इथे येऊन ठरतो. मराठीत देवाला एकेरी: विठ्ठला तू, गणराया तू. साहेबाला, राजाला, मंत्र्याला आदरार्थी. म्हणजे प्रजेच्या तोंडी 'आपण' घातलंत की ती व्यवस्था सरकार होते, 'तू' घातलंत की देव होते. इंग्रजीत ही निवड करावीच लागत नाही, मराठीत ती टाळता येत नाही. मी तरी असं करीन: सुरुवातीला 'आपण', कथानायक शरण जातो त्या पानावर 'तू'. ऑर्वेलच्या नायकाला शेवटी आज्ञाधारक होऊन भागत नाही, प्रेम करावं लागतं. ते प्रेम 'आपण'मध्ये मावत नाही.

तत्सम:
राजालाही काव्यात एकेरी असतं.

समासविग्रह:
पोवाड्यात असतं. अर्ज-विनंतीत नसतं. या व्यवस्थेला पोवाडे आणि अर्ज दोन्ही लागतात, म्हणून तर संदर्भ बघून ठरवा म्हटलं.

पाटीपेन्सिल:
धर्माच्या शब्दांबद्दल एक इशारा. 'कल्ट'ला 'पंथ' लिहू नका. मराठीत पंथ हा आदराचा शब्द आहे, महानुभाव पंथ म्हणताना कोणाच्या मनात किल्मिष नसतं. 'संप्रदाया'चंही तसंच. 'हेरेटिक'ला 'पाखंडी' बसतो, पण त्याचाही इतिहास उलटा आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात राजा सगळ्या 'पासंडां'चा मान राखतो. तेव्हा तो शब्द नुसता 'पंथ' या अर्थी होता, शिवी नव्हता. आदराचा शब्द शिवी कसा झाला, हीच तुमच्या लेखाची गोष्ट आहे.

व्युत्पत्तीवेडा:
आणि झाम्यातिनच्या त्या सर्वोच्च माणसाला 'हितकर्ता' म्हणायचं की 'उपकारकर्ता'? मी म्हणेन 'मायबाप'. 'मायबाप सरकार' ही लाचारी दुसऱ्या कुठल्या शब्दात नाही.

तत्सम:
'मायबाप'मध्ये माय आहे. त्या कादंबरीतला पुरुष दगडी, जड हातांचा आहे. 'हितकर्ता'. आणि 'खल' शब्दाला इतक्यात हाकलू नका. पसायदानात 'जे खळांची व्यंकटी सांडो' आहे. खळ जावो असं म्हटलेलं नाही, त्यांचा वाकडेपणा जावो असं म्हटलंय. मराठीला खलत्व म्हणजे वाकडेपणा हे तेव्हापासून माहीत आहे.

चालतंबोलतं:
म्हणूनच तो शब्द इथे लागू नाही! झाम्यातिनचं राज्य सरळ रेषेची पूजा करतं. या खलनायकांचा दोष वाकडेपणा नाहीच, दुसऱ्याला सरळ करण्याची हौस हा आहे. आणि मराठीत 'सरळ करतो तुला' म्हणजे काय, ते सांगायला कोश लागत नाही.

तत्सम:
यावर उद्या उत्तर देतो.

पाटीपेन्सिल:
तोवर हक्सलीचं बघा. तिथे क्रुसाचा वरचा तुकडा कापून 'टी' केलाय, फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीवरून, आणि कालगणना त्याच मोटारीपासून, म्हणजे 1908 पासून. 'लॉर्ड'च्या जागी 'फोर्ड' ही कोटी मराठीत मरते. 'हे फोर्डा' पुचाट वाटतं. 'फोर्डदेवा' म्हटलं तर देव आधीच आला, मग कोटी कसली?

व्युत्पत्तीवेडा:
'फोर्डोबा'. खंडोबा, विठोबाच्या चालीवर.

पाटीपेन्सिल:
हसू आवरत नाही, पण चालेल असं वाटायला लागलंय, हीच भीती. आणि ती आनंदाची गोळी? मूळ नावच वेदातलं, सोम. देवनागरीत 'सोम' लिहावं की 'सोमा'?

तत्सम:
अर्थातच 'सोम'. आपलाच शब्द परत घेताना इंग्रजी उच्चार कशाला?

चालतंबोलतं:
'सोम' लिहिलंत तर वाचकाला सोमवार आठवेल, नाहीतर थेट यज्ञ. मूळ वाचकाला तो शब्द परका वाटत होता, त्याला वेद आठवत नव्हते. परकेपणा ठेवायचा तर 'सोमा'.

तत्सम:
परकेपणा राखण्यासाठी आपलाच शब्द चुकीचा लिहायचा? मग 'योगा'ही लिहा.

चालतंबोलतं:
लिहितातच.